शरिराला, घरान, उन्हात

"काकू, गरीबचं गरिबाला होतं ना? वकीलचं वकिलाला. मग शरीरचं शरिराला का चूक?"

कळव्याला खारीगावात आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांचा मराठीचा वर्ग घेते. फी वगैरे काही नाही, पाचवी ते आठवीची अकरा मुलं येतात, कधी नऊ कधी बारा. त्यातल्या सातवीच्या एका मुलीने व्यायामावर दहा ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात 'शरिराला' हा शब्द तीनदा आला होता, तिन्ही वेळा मी लाल पेनाने गोल केला होता आणि बाजूला 'शरीराला' लिहिलं होतं. वही परत दिली, तिने दोन मिनिटं त्या गोलांकडे बघितलं आणि मग वरचा प्रश्न विचारला. आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, अगं शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, तत्सम, त्यामुळे त्याचा री दीर्घच राहतो. ती हो म्हणाली आणि बसली. मी मात्र घरी येऊन भाजी चिरताना तेच डोक्यात घोळवत होते, कारण मला हळूहळू लक्षात आलं की या मुलीला नियम माहीत होता. तिला कुणी शिकवला नव्हता, मी तर नाहीच. गरीब गरिबाला, फूल फुलाला, वीट विटेला, दूध दुधाला, असे शेकडो शब्द वाचून तिने स्वतःच ताडलं होतं की शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागला की ते र्‍हस्व होतं. आणि तो नियम तिने एका नव्या शब्दाला बरोब्बर लावला होता, फक्त तो शब्द अपवादातला निघाला. म्हणजे जिथे मी लाल गोल केला तिथेच तिची बुद्धी सगळ्यात जास्त चालली होती! आणि मी तिला काय सांगितलं, तर चूक.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, व्याकरण शिकवल्याने मुलांचं लिहिणं सुधारतं का, यावर जगात कुणी नीट तपासून बघितलंय का. आणि तपासलंय, खूप तपासलंय, शंभर वर्षांच्या आसपास हा वाद चालू आहे. ते सगळं इथे मांडायचंय, पण त्याआधी आईबद्दल सांगावं लागेल कारण माझं शिकवणं सगळं तिच्याकडून आलंय.

आई ठाण्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवत होती. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे आणि माझ्याकडेच असते. आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांमध्ये वह्यांचे गठ्ठे कॉटखाली असायचे आणि लाल रिफिलींचं एक अख्खं पाकीट महिन्यात संपायचं. विभक्तीचे प्रत्यय मी पाढ्यांच्या आधी पाठ केले असतील. स ला ते, स ला ना ते, ने ए शी, नी शी ई ही. आई पोळ्या लाटताना विचारायची, पंचमी? मी म्हणायची, ऊन हून. तिच्या विद्यार्थ्यांपैकी अजून कुणी गोखले रोडला भेटलं तर वाकून नमस्कार करतं आणि म्हणतं, बाई, तुमच्यामुळे व्याकरण पक्कं झालं. आणि ते खरंच आहे, तिची मुलं त्या भागात पूर्ण मार्क घ्यायची.

मीही वर्ग सुरू केला तेव्हा तसंच शिकवायला घेतलं. पहिली दोन वर्षं मी वर्कशीट बनवायचे, नाम ओळखा, प्रयोग ओळखा, काळ बदला. मुलांना दहापैकी आठ-नऊ मिळायचे आणि मला छान वाटायचं. मग त्याच शनिवारी अर्धा तास निबंध लिहायला दिला की तीच मुलं लिहायची, 'माझे गाव खूप छान आहे. तिथे खूप झाडे आहेत. तिथे नदी आहे. नदी खूप छान आहे.' म्हणजे जून महिन्यात जसं लिहीत होती तसंच मार्चमध्ये. वर्कशीटवर शब्दयोगी अव्यय ओळखणारी मुलगी स्वतःच्या निबंधात ते वापरायला गेली नाही. मला वाटायचं सराव कमी पडतोय, म्हणून मी अजून वर्कशीट काढायचे.

तर आता संशोधन काय म्हणतं ते. १९६३ साली अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरचे लेखन शिकवण्यावरचे अभ्यास चाळून एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी अगदी ठाम शब्दांत म्हटलं की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा मुलांच्या लेखनावर नगण्य परिणाम होतो, आणि व्याकरणाचा तास हा प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ खातो त्यामुळे नुकसानही होऊ शकतं. हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला आधी रागच आला. पण तो 'वेळ खातो' हा भाग मनात रुतला, कारण माझ्या दीड तासाच्या वर्गात मुलं स्वतःचं वाक्य किती मिनिटं लिहीत होती? वीसही नाही.

मग १९७६ चा न्यूझीलंडचा अभ्यास आहे, वॉरविक एली आणि सहकाऱ्यांचा. तो मला जास्त पटला कारण त्यांनी घाई केली नाही, तीन वर्षं तीच मुलं धरून ठेवली. एका गटाला जुन्या पद्धतीचं व्याकरण, दुसऱ्याला तेव्हाचं नवं रचनांतरणाचं व्याकरण (एका वाक्यरचनेतून दुसरी कशी तयार होते ते सांगणारं), आणि तिसऱ्या गटाला व्याकरण नाहीच, त्या वेळात वाचायचं आणि लिहायचं. तीन वर्षांनी तिन्ही गटांच्या लेखनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तीन वर्षं! म्हणजे व्याकरण न शिकलेली मुलं मागेही पडली नाहीत.

आणि २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र करून प्रत्येक पद्धतीचा परिणाम आकड्यात मांडला. शून्य म्हणजे काही फरक नाही, पुढे गेलं तर फायदा, मागे गेलं तर तोटा. लेखनाचं नियोजन कसं करायचं, लिहिलेलं कसं तपासायचं हे पायरीपायरीने शिकवणं ०.८२. वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवणं, तेही ०.८२. मुलांनी मिळून लिहिणं ०.७५. छोटी वाक्यं जोडून मोठी करणं ०.५०. आणि व्याकरण वेगळं शिकवणं, उणे ०.३२.

हा उणे आकडा हल्ली शिक्षक मंडळी फार उडवतात म्हणून एक सांगते, यातल्या बहुतेक प्रयोगांत व्याकरणाचा गट हा तुलनेसाठी ठेवलेला गट होता, दुसरी कुठली तरी नवी पद्धत तपासायची होती आणि तिच्यासमोर नेहमीचं व्याकरण उभं केलं होतं. म्हणजे व्याकरणाने मुलं बिघडतात असा याचा अर्थ नाही. इतर काही केलं असतं तर जास्त फायदा झाला असता, एवढाच. शिवाय हे सगळं इंग्रजीवरचं आहे आणि मराठीला तसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हॉलमध्ये जे दिसत होतं ते या आकड्यांशी इतकं जुळत होतं की मला दुर्लक्ष करता येईना.

यामागचं कारण काय असेल यावर मी खूप विचार केला आणि मला जे वाटतं ते असं. आपण ज्याला व्याकरण म्हणतो त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्यात. चार वर्षांचं मराठी घरातलं पोर म्हणतं, मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी पोळी खातो. खाल्ली आणि खाल्ला हे कर्माप्रमाणे बदलतंय आणि खातो हे कर्त्याप्रमाणे. म्हणजे कर्मणी आणि कर्तरी प्रयोग त्या पोराला येतात, सहसा चुकत नाही. सातवीत आपण त्याला त्याची नावं शिकवतो. नाव शिकल्याने जे आधीच येतंय ते जास्त येत नाही. आणि तिसरी गोष्ट शुद्धलेखन, र्‍हस्वदीर्घ, अनुस्वार, ते तर लिपीचे संकेत आहेत, पण लोक त्यालाच व्याकरण म्हणतात. 'याचं व्याकरण कच्चं आहे' असं म्हणणाऱ्या दहा पालकांपैकी नऊ जणांना वेलांट्या म्हणायच्या असतात.

इथे एक गंमतीची नाही पण महत्त्वाची गोष्ट. मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण १८०५ साली विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून काढलं, ते इंग्रजीत होतं आणि इथे येणाऱ्या साहेब लोकांना मराठी शिकता यावी म्हणून होतं. ज्याला भाषा येतच नाही त्याला तक्ते लागतातच, ने ए शी पाठ करावं लागतं. नंतर १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठी माणसांसाठी मराठीतून व्याकरण लिहिलं आणि ते फार मोठं काम होतं. पण आपल्या शाळेत अजूनही बोलणाऱ्या मुलाला न बोलणाऱ्यासारखं शिकवतात असं मला वाटतं. माझ्याकडे दोन मुलं अशी आहेत ज्यांच्या घरी हिंदी बोलतात, २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली म्हणून ती येतात, आणि त्यांना विभक्तीचा तक्ता खरोखर उपयोगी पडतो. एकाच बाकावर शेजारी बसलेल्या दोन मुलांची गरज अशी वेगळी असू शकते.

तर मी वर्कशीट बंद केली आणि वाक्यं जोडायला घेतली. मुलांनीच त्याला जोडाजोडी नाव दिलं. फळ्यावर मी चार वाक्यं लिहिते. आजी सकाळी उठली. आजीने चहा केला. आजीने पेपर उघडला. पेपर कालचा होता. आता याचं एकच वाक्य करा, काहीही बदला, अर्थ सगळा यायला हवा.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'आणि' लावलं. दुसऱ्या फेरीत 'आणि' वापरायचा नाही म्हटलं. मग आलं, 'सकाळी उठून, चहा करून आजीने पेपर उघडला तर तो कालचाच होता.' दुसऱ्याने लिहिलं, 'आजीने सकाळी उठून चहा करून उघडलेला पेपर कालचा होता.' आठवीच्या मुलीने लिहिलं, 'कालचाच पेपर आजीने सकाळी उठून, चहा करून उघडला.' तिन्ही वाचून दाखवली आणि विचारलं, कुठलं बरं वाटतं? पंधरा मिनिटं भांडण झालं. शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं की पेपर कालचा निघाला हे शेवटी कळायला हवं, आधी सांगून टाकलं तर मजा गेली. एक जण म्हणाला, पण मला आजी विसराळू झालीये हे दाखवायचं असेल तर मी आधी सांगीन. मी नुसती ऐकत होते. वाक्यात कुठला शब्द कुठे ठेवायचा आणि का, यावर पाचवी-सहावीची मुलं हातवारे करून बोलत होती, आणि एकानेही विशेषण हा शब्द उच्चारला नव्हता.

या पद्धतीवरही जुनं काम आहे. फ्रँक ओ'हेअर यांनी १९७३ मध्ये सातवीच्या मुलांवर हेच करून दाखवलं, व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता नुसती वाक्यं जोडायला दिली तर मुलांची वाक्यरचना पिकते आणि लेखनही सुधारतं. आपल्याकडे हे नवं नाही, वाक्यसंकलन म्हणून आपल्या पुस्तकांत हे पूर्वीपासून आहे, आईने शिकवलंय. पण ते एक-दोन मार्कांचा प्रश्न म्हणून, एकच बरोबर उत्तर धरून. चार मुलांनी चार वाक्यं करायची आणि त्यांची तुलना करायची, हे नव्हतं.

आणि जोडाजोडीत एक असा शोध लागला की मला अजून आनंद होतो. एका मुलाने लिहिलं, 'मी घरी येऊन लाइट गेली.' सगळे म्हणाले, हे विचित्र वाटतंय. का? कुणालाच सांगता येईना. मी फळ्यावर लिहिलं, मी घरी येऊन झोपलो. हे बरं वाटतं? हो. मी घरी येऊन आई झोपली? नाही नाही. मग पाच मिनिटांनी सहावीचा मुलगा म्हणाला, काकू, येऊन वाला आणि झोपलो वाला एकच माणूस पाहिजे! बरोबर तेच. ऊन लावून जोडलं तर दोन्ही क्रियांचा कर्ता सहसा एकच लागतो, कर्ता वेगळा असेल तर 'आल्यावर' लागतं, मी घरी आल्यावर लाइट गेली. मोठमोठ्या व्याकरणात हे लिहिलेलं आहे, पण त्या मुलाने ते स्वतःच्या कानाने शोधलं. तो दिवसभर ते सगळ्यांना सांगत होता म्हणे, घरी सुद्धा.

अर्थात अडचणी येतात. जोडाजोडीची नशा चढली की मुलं एका वाक्यात सात ऊन घालतात, उठून दात घासून अंघोळ करून नाश्ता करून दप्तर भरून बूट घालून, आणि वाचणाऱ्याला धाप लागते. त्यावर उपाय एकच, मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास संपतो तिथे तोडायचं.

नंतरचं संशोधन मला अजून आवडलं कारण ते व्याकरण नको असं म्हणत नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल आणि सहकाऱ्यांनी ३१ शाळांमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये छापून आला. त्यांनी व्याकरण वेगळ्या तासाला न शिकवता लेखनाच्या धड्यातच गुंफलं, म्हणजे गोष्ट लिहिताना छोटं वाक्य घेतलं तर काय होतं, क्रियापद पुढे आणलं तर काय होतं. चूक-बरोबर हा प्रश्नच नाही. निवड कुठली आणि तिचा परिणाम काय, एवढंच. आणि या मुलांचं लेखन सुधारलं. पण ज्यांना आधीपासून बरं लिहिता येत होतं त्यांना जास्त फायदा झाला, हेही त्यांनी सांगितलंय, आणि शिक्षकाला स्वतःला व्याकरण किती येतं यावरही बरंच अवलंबून होतं. दुसरीकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२२ मध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला तर गोष्ट लिहिण्यात फरक दिसला नाही. मला वाटतं वयाचा यात मोठा हात असावा, इतकी लहान मुलं अजून अक्षर गिरवण्यातच दमलेली असतात.

निवड हा शब्द मला पकडून ठेवावासा वाटला. मराठीत त्याचं सोन्यासारखं उदाहरण आहे. मी कप फोडला. माझ्याकडून कप फुटला. कप फुटला. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, घटना एकच आहे. मुलांना विचारलं, आईला सांगताना कुठलं सांगाल? सगळा हॉल हसला आणि सगळे म्हणाले, कप फुटला. लहान भावाने फोडला असेल तर? त्याने कप फोडला! आणि खरंच चुकून झालं असेल आणि वाईट वाटत असेल तर? थोडी शांतता आणि मग एक मुलगी हळूच म्हणाली, माझ्याकडून फुटला.

पुढच्या शनिवारी ती मुलं जिन्याजवळच्या नोटीस बोर्डवरून एक ओळ लिहून घेऊन आली, 'उद्या पाणी सोडले जाणार नाही.' काकू, कोण सोडणार नाही? तेच लिहिलेलं नाहीये! त्या दिवशी मी त्यांना कर्मणी हे नाव सांगितलं, आणि मला वाटत नाही की आता ते कुणी विसरेल, कारण ज्या गोष्टीचं नाव आहे ती गोष्ट त्यांनी आधी हातात धरली होती.

हे सगळं मी आईला रोज रात्री जेवताना सांगायचे. ती ऐकून घ्यायची, वरण वाढायची, आणि एक दिवस तिने मला जे विचारलं त्याने मी गप्प झाले. ती म्हणाली, "तुझ्या वर्गात खारीगावातली आगरी मुलं आहेत ना? बाकीच्यांच्या घरी जे बोलतात तेच पुस्तकात असतं. त्यांना नियम घरातून मिळतो. या पोरांना कुठून मिळणार? मी व्याकरण घोकून घ्यायचे ते या पोरांसाठी घ्यायचे. पुढे अर्ज लिहिला आणि कुणी हसलं तर ते माझ्यामुळे नको."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण तिचं बरोबर आहे. सगळं मुलांच्या कानावर सोडा असं म्हणणं सोपं आहे, पण कान कुणाच्या घरात तयार झालाय हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे सहावीतला एक मुलगा आहे, त्याने लिहिलं होतं, 'आमच्या घरान पानी आलं.' माझ्या आधीच्या दोन वर्षांत मी याला दोन गोल मारले असते.

पण याच सुमारास मी मीना शॉनेसी यांच्याबद्दल वाचत होते. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने प्रवेशाची दारं सगळ्यांना उघडली आणि ज्यांना शाळेत नीट लिहायला शिकायलाच मिळालं नव्हतं अशी हजारो मुलं आली. शॉनेसी बाईंनी त्यांचे सुमारे चार हजार पेपर वाचले आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांच्या मागे विचार आहे, पद्धत आहे, आणि शिक्षकाने ती पद्धत आधी शोधली पाहिजे. मला लगेच ती 'शरिराला' आठवली. आणि मग हा 'घरान'.

म्हणून मी त्या मुलाला विचारलं, घरान म्हणजे घरात ना? मग गावात? गावान. पोटात? पोटान. फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे घरात गावात पोटात, दुसरीकडे घरान गावान पोटान. मग सगळ्यांना विचारलं, काय दिसतंय? हिंदी बोलणाऱ्या मुलीने सगळ्यात आधी सांगितलं, इकडे त आहे तिकडे न आहे, आणि आमच्याकडे 'में'. सप्तमी. तो मुलगा फळ्याकडे बघत होता, त्याच्या आईच्या, आजीच्या बोलण्याला पण प्रत्यय आहे, नियम आहे, हे त्याला कुणी आजवर दाखवलं नव्हतं. मग मी सांगितलं की परीक्षेत, अर्जात, पेपरात त वाला रकाना चालतो, आजीशी बोलताना न वाला, आणि गोष्टीत आजी बोलत असेल तर तिच्या तोंडी न वालाच लिही. त्याने विचारलं, चालेल? मी म्हटलं, चालेल काय, तेच बरोबर.

त्यानंतर 'घरान' त्याच्या निबंधात क्वचितच आलं. पण एका गोष्टीत आलं, आजीच्या तोंडी, अवतरणचिन्हात. मी ती वही आईला दाखवली. तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आमच्या वेळी असं करायचं सुचलं नाही गं कुणाला." मग बराच वेळ ती बोलत राहिली, मला आजवर न सांगितलेलं. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले तेव्हा ती मॅट्रिकच्या आसपास होती. त्याआधी नांव, पांच, कांहीं, घरांत, सगळ्यांवर न उच्चारायचे अनुस्वार द्यावे लागत, आणि ते विसरलं की हातावर छडी. तिने त्यासाठी छड्या खाल्ल्या होत्या. नंतर तीच शिक्षिका झाली आणि तेच अनुस्वार कुणी दिले तर तिला लाल गोल करावा लागला. १९७२ ला आणखी चार नियम आले, अठरा झाले, ते तिने पुन्हा पाठ केले. "पहिल्यांदा गोल केला तेव्हा हात थांबला होता माझा," ती म्हणाली. "पण थांबून चालणार नव्हतं, पन्नास वह्या होत्या."

हे पन्नास वह्यांचं मला फार लागतं. माझ्याकडे अकरा मुलं आहेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, म्हणून मला प्रत्येक चुकीमागे काय आहे ते विचारायला सुचतं. साठ मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या, जनगणना आणि निवडणुकीची कामं करणाऱ्या शिक्षकाला हे सांगायला जाणं मला बरं वाटत नाही. पण एक गोष्ट मोठ्या वर्गातही होऊ शकेल असं वाटतं, एका वेळी एकच गोष्ट तपासायची. आता मी वहीवर वर लिहून देते, आज फक्त वाक्य कुठे संपतं ते बघणार. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात लावत नाही. सुरुवातीला पालकांनी विचारलं, एवढ्या चुका सोडल्या कशा? दोन-तीन महिन्यांनी विचारणं बंद झालं, कारण मुलं जास्त लिहायला लागली होती, अर्ध्या पानाची दोन पानं झाली होती. लाल गोल कमी झाले तशी मुलं अवघड शब्द वापरून बघायला लागली हे मला वर्गात दिसलं, याला मी संशोधन म्हणत नाही, पण दिसलं ते दिसलं.

'शरिराला' वाल्या मुलीकडे मी परत गेले. तिला म्हटलं, तुझा नियम बरोबर होता, मी तेव्हा ते सांगायला हवं होतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून कार्डं केली. जीभ जिभेला, पण गीत गीताला. सूप सुपाला, पण रूप रूपाला. दोन ढीग केले, नियमाचा आणि अपवादाचा, आणि अपवादाच्या ढिगातले शब्द कुठून आलेत ते शोधायचं. मुलं म्हणाली, पण काकू शब्द बघून कसं कळणार तो संस्कृतातला आहे की नाही? खरं आहे, बघून कळत नाही नेहमी. वाचून वाचून डोळ्याला सवय होते, आणि शंका आली की विचारायचं. कुणाला? आजींना, असं त्यांनीच ठरवलं.

म्हणून गेले काही शनिवार आई पण खाली येते. गुडघे दुखतात, लिफ्टपासून हॉलपर्यंत सावकाश चालते, मुलं खुर्ची आणून ठेवतात. मागच्या वेळी त्या मुलीने एक कार्ड आणलं, ऊन. म्हणाली, आजी, हा नियमाच्या ढिगात ठेवला, ऊनचं उ र्‍हस्व होतं, पण मधे ह कुठून येतो? ऊन, उन्हाला, उन्हात. ऊनमध्ये तर ह नाहीच!

मला उत्तर येत नव्हतं. मी पंचेचाळीस वर्षं उन्हात हा शब्द लिहितेय आणि मला कधी हा प्रश्न पडला नाही. आईने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पेन मागितलं. निळंच होतं जवळ. मागच्या बाजूला तिने वर लिहिलं उष्ण, त्याखाली उण्ह, त्याखाली ऊन्ह, आणि मग ऊन. "हा ह आधीपासून होता," ती म्हणाली, "एकटा शब्द बोलताना शेवटी येतो म्हणून विरून गेला. प्रत्यय लागला की त्याला मागे टेकायला जागा मिळते, मग परत ऐकू येतो. म्हणून बघ, तू उन्हात म्हणतेस ना, तर तो जुना ह तुझ्या तोंडात अजून आहे."

मुलीने दोनदा म्हणून बघितलं, ऊन, उन्हात. मग आगरी मुलगा म्हणाला, आजी, आमच्याकडे उन्हान. आईने कार्डावर सगळ्यात खाली तेही लिहिलं.